मदत हवी आहे : फॉर्म्युला वन मोटार शर्यती समजावून सांगणारे चरित्र सुचवा

टिळकवाडीकर
बेळगावात मिळेना म्हणून पुण्याहून मागवलेले चरित्र वाचून संपवले आणि फार निराशा झाली. मैत्रिणी, विमान, शेतावरचे घर यांची वर्णने पानोपानी आहेत, ज्या इमोलाच्या शर्यतीत त्याचा मृत्यू झाला, तिला तीन प्रकरणे दिली आहेत. पण १९८४ च्या मोनॅकोच्या शर्यतीला जेमतेम दीड परिच्छेद! तेराव्या जागेवरून निघून, भर पावसात, साधारण गाडीने तो दुसरा कसा आला, हे लेखकाला सांगावेसेच वाटलेले नाही. याहून चांगले पुस्तक कृपया लवकर सुचवा. शनिवारी भाऊ पुण्याहून निघणार आहे.

निपाणीचा वाचक
चरित्र कोणाचे आणि कोणत्या भाषेतले, हे आपण लिहिलेलेच नाही. मोनॅकोची ती शर्यत प्रॉस्ट या चालकाने जिंकली होती. ती ३१ फेऱ्यांवर थांबवल्यामुळे त्याला निम्मेच गुण मिळाले आणि त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याचा प्रतिस्पर्धी लाउडा याच्याकडे अवघ्या अर्ध्या गुणाने गेले.

टिळकवाडीकर
अहो, ब्राझीलचा चालक आयर्टन सेन्ना याचे! पाऊस आणि इमोला म्हटल्यावर दुसरे कोण असणार? मराठी किंवा इंग्रजी, कोणतेही चालेल.

खानापूरकर
मला आपली तक्रार पटत नाही. चरित्र माणसाचे असते. इमोलालाच आदल्या दिवशी पात्रता फेरीत मरण पावलेल्या ऑस्ट्रियाच्या राट्झेनबर्गर या चालकासाठी सेन्नाने ऑस्ट्रियाचा ध्वज गाडीत ठेवला होता, हे मला कोणत्याही फेरीच्या वर्णनाहून मोलाचे वाटते.

निपाणीचा वाचक
खानापूरकर, माणूस गाडी चालवतानाही दिसतो. १९९१ साली ब्राझीलमधल्या इंटरलागोसच्या शर्यतीत गिअरबॉक्स बिघडल्यावर अखेरच्या फेऱ्या त्याने सहाव्या गिअरवर रेटल्या आणि जिंकल्यावर त्याला करंडकही धड उचलवेना. हे चरित्रात नको का?

घाटातला चालक (निवृत्त)
मी चोर्ला घाटात वर्षानुवर्षे बस चालवली. पावसात रोजच्या चाकोरीवरच गाडी अधिक घसरते, कारण तिथला रस्ता गुळगुळीत झालेला असतो आणि त्यावर तेलही असते. शर्यतीच्या मार्गावर टायरचे रबर बसते. ते ओले झाले की निसरडे होते, म्हणून वळणाला बाहेरून जाणाऱ्याला पकड मिळते. १९९३ च्या इंग्लंडमधल्या डोनिंग्टनच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत पाचव्यावरून सेन्ना पहिला आला, तेव्हा वेंडलिंगर या चालकाला त्याने कसे बाहेरून मागे टाकले, ते पाहा.

शहापूरचा रहिवासी
त्यापेक्षा मुलांना भारतीय चालक नारायण कार्तिकेयनबद्दल वाचायला द्यावे. २००५ साली तो अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत चौथा आला होता.

खानापूरकर
त्या शर्यतीत सहाच गाड्या धावल्या होत्या.

टिळकवाडीकर
चालककाका, मला नेमके हेच हवे होते! असे उलगडून सांगणारे पुस्तक कोणते? शनिवार जवळ आला आहे.

निपाणीचा वाचक
चरित्राचा नाद सोडून त्या काळच्या अभियंत्यांच्या आठवणी वाचा. माझ्याकडे एक पुस्तक आहे. निपाणीला येणार असाल तर काढून ठेवतो.