गॅमा किरण स्फोटाची पश्चदीप्ती: दुसऱ्या आठवड्यानंतर उतार सौम्य का होतो?

निशाचर:
२९ मार्च २००३ च्या गॅमा किरण स्फोटाच्या (जीआरबी ०३०३२९) पश्चदीप्तीचा (स्फोटानंतर मागे उरणाऱ्या, मावळत जाणाऱ्या प्रकाशाचा) आलेख मी उपलब्ध चित्रांवरून काढत आहे. पहिल्या दोन तासांत १३ व्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; अंक मोठा तितका प्रकाश मंद) आसपास असलेली ही पश्चदीप्ती झपाट्याने मंदावते, मध्येच दोन-तीनदा अडखळते आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिचा उतार बराच सौम्य होतो. झोताला (स्फोटातून अतिवेगाने बाहेर पडलेल्या द्रव्याच्या अरुंद धारेला) पुन्हा ऊर्जा मिळाली, असा याचा अर्थ घ्यावा का?

ध्रुवपद:
पहिल्या आठवड्यातील अडखळण्याबाबत आपला तर्क प्रचलित स्पष्टीकरणाशी जुळतो. मागून आलेले द्रव्य पुढच्या, मंदावलेल्या द्रव्यावर आदळले की दीप्ती तात्पुरती सावरते. नंतरची गोष्ट मात्र वेगळी आहे. झोताची कड दिसू लागल्यावर पश्चदीप्ती साधारणपणे काळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे काळ दसपट झाला की ती ५ प्रतींनी मंद व्हायला हवी. येथे तसे होत नाही, कारण एप्रिलमधील वर्णपटांत अतिनवताऱ्याचे (स्फोट होऊन मरणाऱ्या ताऱ्याचे; येथे एसएन २००३डीएच) रुंद उंचवटे उमटू लागले होते, म्हणजे त्याचाही प्रकाश मिसळत होता. ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची लाल रंगाकडे झालेली सरक) ०.१६८५, म्हणजे अंतर सुमारे २ अब्ज प्रकाशवर्षे. अशा स्फोटांच्या मानाने हा शेजारच म्हणायचा, म्हणूनच ते उंचवटे इतके स्पष्ट दिसले. दीर्घ (दोन सेकंदांहून अधिक टिकणारे) स्फोट आणि प्रचंड ताऱ्यांचा मृत्यू यांच्या नात्याचा याहून ठळक पुरावा तोवर हाती आला नव्हता, असे मला वाटते.

खोडदकर:
थोडी भर घालतो. रेडिओ लहरींत पश्चदीप्ती फार सावकाश मावळते, त्यामुळे नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही ती टिपली. दृश्य प्रकाशात मात्र यजमान दीर्घिका (स्फोट जिच्यात झाला ती) हा तिसरा वाटेकरी आहे. ती लहान, २२ ते २३ प्रतीची असली तरी उशिराच्या मोजणीत तिचा प्रकाश मिसळतोच. म्हणून सगळे विझल्यानंतर त्याच दुर्बिणीतून, त्याच फिल्टरने घेतलेले चित्र आधीच्या चित्रांतून वजा करावे. त्यापूर्वी दोन्ही चित्रांतील ताऱ्यांच्या ठिपक्यांची रुंदी जुळवून घ्यावी; नाहीतर प्रत्येक ताऱ्याच्या जागी काळी-पांढरी कडी उरतात.

निशाचर:
माझ्याकडचे शेवटचे चित्र मे २००३ चे आहे. ते वजाबाकीला चालेल का?

ध्रुवपद:
नाही. मे महिन्यात अतिनवतारा पुरेसा तेजस्वी होता, त्यामुळे त्याचाही प्रकाश वजा होईल आणि प्रत्येक मोजणी खऱ्यापेक्षा मंद येईल. पहिल्या रात्री हा फरक जाणवणार नाही, पण एप्रिलअखेरचे बिंदू पार कोसळतील. किमान वर्षभरानंतरचे चित्र मिळवावे.