पुण्यातले प्रभात रोड, भांडारकर रोड, डेक्कन : इथे राहिलेल्यांनी लिहा

बुचाची_वेणी : काल भांडारकर रोडने जाताना आमच्या बंगल्याच्या जागी निळे पत्रे दिसले. आमचा म्हणजे मालकांचा. आम्ही मागच्या आउटहाउसमधले भाडेकरू. पण बुचाची फुलं सगळ्यांची. देठात देठ गुंफून वेणी करायचो, दोरा लागायचाच नाही. फटीतून डोकावले. बूच उभा आहे, तीन दगडी पायऱ्या आहेत, वर नुसतं आभाळ. मागून हॉर्न वाजला म्हणून निघाले. तुम्ही कोण कोण होतात तिकडे?

गल्ली_नऊ : प्रभात रोडच्या गल्ल्यांना नंबर असूनही पाहुणे सहात शिरायचे. तिथल्या आजी चहा पाजून आमच्याकडे धाडायच्या.

पेठेतला : डेक्कनला चहा पाजला? पुरावा द्या.

सातवा_मजला : भाडेकऱ्यांना आठवणी परवडतात हो. कौलं गळायची, दाराच्या चौकटींना वाळवी, अंगणात घुशी. पाच भावंडांच्या सह्या जमवता जमवता वडील गेले. आता फ्लॅटमधून टेकडी दिसते. सुखात आहे.

बुचाची_वेणी : खरंय, गळकं छत आमच्या वाट्याला नव्हतं.

निवृत्त_मास्तर : १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तेव्हा मी आठवीत. लकडी पूल पाण्याखाली. आमचं घर चढावर, म्हणून नदीकाठची दोन कुटुंबं महिनाभर आमच्याकडे. चौदा माणसं, एक मोरी! मित्राकडे भिंतीवर पुराची रेघ उमटली होती. त्याच्या आईने तेवढी भिंत कधी रंगवू दिली नाही. चष्मा सापडला की पुढचं लिहितो.

गल्ली_नऊ : मुलाला सांगितलं, प्रभात फिल्म कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून इथे आली, तिचं नाव रस्त्याला. म्हणाला, मला वाटलं पहाटे फिरायला जातात म्हणून.

घाईत : रविवारी कमला नेहरू पार्कजवळ गाडी लावायला जागा मिळते का?

पेठेतला : नाही. रिक्षाने जा.

सातवा_मजला : वेणीताई, बुचाला मुळांवरून फुटवे येतात. पत्रे उघडे असतील तेव्हा वॉचमनला विचारून एक काढून घ्या.

बुचाची_वेणी : आजच जाते! कुकर उतरला की. खुरपं आहे का कोणाकडे?

पेठेतला : माझ्याकडे आहे. नाव घातलंय त्यावर, परत हवं.