कोविडचा पैसा, पिकलबॉल आणि आपण

नळराजा
परवा आपल्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरत होती. "अमेरिकेने गावगन्ना वाटलेले कोविडचे ३५० अब्ज डॉलर नगरसेवकांनी पिकलबॉल (छोट्या कोर्टावर बॅट आणि प्लास्टिकच्या बॉलने खेळतात तो), बेसबॉलची मैदानं आणि हॉटेलांत घातले. भारतात झालं की भ्रष्टाचार, इथे झालं की रिकव्हरी!" खाली टाळ्यांचा पाऊस. राहवलं नाही, म्हणून हा धागा.

एक तर त्यातले निम्म्याहून जास्त पैसे राज्यांना गेले, गावांना नाही. दुसरं, हे पैसे ज्या कायद्याने आले त्या मार्च २०२१ च्या 'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन'नंतर ट्रेझरीने, म्हणजे केंद्राच्या अर्थखात्याने, जानेवारी २०२२ मध्ये अंतिम नियम काढला. एक कोटी डॉलरपर्यंतचं उत्पन्न बुडालं असं हिशेब न दाखवता धरा आणि गावाच्या नेहमीच्या कामांना वापरा. पेन्शन फंडात भरायचे नाहीत, जुनं कर्ज फेडायचं नाही, बाकी बहुतेक मोकळं रान. त्यामुळे "नियम मोडले" ही ओरड बहुतेक ठिकाणी फोल आहे.

आमचं गाव जेमतेम नऊ हजार वस्तीचं. कौन्सिलच्या मीटिंगला अकरा माणसं आणि एक कुत्रा. पाणीखात्याच्या माणसाने कापून आणलेला पाइपचा तुकडा टेबलावर ठेवला. आत गंजाचा इतका थर की माझा अंगठा कसाबसा गेला. सगळे पैसे त्या लाइनीत घातले, फीत कापायला कोणी आलं नाही. एकदाच येणारा पैसा एकदाच होणाऱ्या कामात घालावा. दिवाळीचा बोनस मिळाला म्हणून कोणी मोठ्या भाड्याची जागा घेत नाही.

तिरकस_तात्या
तुमचं गाव शहाणं, अभिनंदन. पण "नियमात बसतं" हे उत्तर झालं का? अलाबामाने ४० कोटी डॉलर नवे तुरुंग बांधायला घेतले. तुरुंगाला कोरोना झाला होता का? न्यूयॉर्कच्या डचेस काउंटीने (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) सव्वा कोटी बेसबॉलच्या स्टेडियमला दिले, फ्लोरिडातल्या ब्रॉवर्डने १४ कोटी हॉटेलला. नियमच असा ढिला केला की चोरी करायची गरजच उरली नाही. तुम्ही त्यालाच गुण म्हणताय.

शिकागोची_सून
तात्या, वाईट उदाहरणं वेचलीत. आमच्या कुक काउंटीचंही सांगा की. १ कोटी २० लाख डॉलर लोकांची दवाखान्याची थकबाकी विकत घेऊन माफ करायला ठेवले. अशी जुनी थकबाकी डॉलरमागे काही सेंटांच्या भावाने मिळते, त्यामुळे थोड्या पैशात बरीच माणसं सुटतात. शिवाय ३,२५० कुटुंबांना दोन वर्षं महिना ५०० डॉलर.

तिरकस_तात्या
आणि ज्यांनी इमानेइतबारे फेडलं ते मूर्ख? बायकोच्या ऑपरेशनचं बिल मी चौदा महिने हप्त्याने भरलंय. दर महिन्याच्या पाच तारखेला. मला कोणी पत्र पाठवलं नाही, "तात्या, माफ".

शिकागोची_सून
तुम्ही भोगलंत म्हणून दुसऱ्यानेही भोगावं, हा सासूचा न्याय झाला. मी भोगलाय, ओळखीचा आहे.

खेळिया
जरा अवांतर. आमच्या टाउनशिपने याच पैशातून चार पिकलबॉल कोर्टं केली. आम्ही सहा वर्षं क्रिकेटची एक पिच मागतोय. दर वेळी "फंड नाहीत". फंड आले आणि तीन महिन्यांत कोर्टं उभी, दिवे, बाकं, सगळं. आम्ही अजून शाळेच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलने खेळतो, आणि बॉल डंपस्टरमागे गेला की सिक्स धरतो.

बेसमेंटवासी
त्या कोर्टांशेजारी राहून बघा. सकाळी सात वाजता टॉक टॉक सुरू. मुसळात पोहे कांडल्यासारखं. तुमच्या पिचने निदान रविवारीच त्रास होईल.

खेळिया
रविवारी आणि शनिवारी. 🙂

नळराजा
खेळियासाहेब, एक विचारू? सहा वर्षांत कौन्सिलच्या किती मीटिंगांना गेलात? पिकलबॉलवाले आजी-आजोबा चाळीस जणांनी टी-शर्ट घालून जातात. आपण ग्रुपवर निषेधाचा इमोजी टाकतो आणि गणपतीच्या हॉलचं बुकिंग बघतो.

खेळिया
एकदा गेलो होतो. माइकवर तीन मिनिटं मिळाली, त्यातली दोन क्रिकेट म्हणजे काय ते सांगण्यात गेली. नंतर एकाने विचारलं, "हे क्रोकेसारखंच ना?" (तो लाकडी हातोड्याने हिरवळीवर बॉल ढकलायचा खेळ.) तुम्ही गेला असता तर काय केलं असतं, पाइप दाखवला असता?

तिरकस_तात्या
हाहा. नळराजे, घ्या.

नळराजा
हसा. एकदा जाऊन सहा वर्षांची तक्रार करणाऱ्यांनी मला शिकवू नये.

खेळिया
आणि नऊ हजारांच्या गावात राहून साऱ्या अमेरिकेचं प्रवचन तुम्हीही देऊ नये.

रात्रपाळी
पिच आणि कोर्टं झाली असतील तर बोलू का. मी वृद्धांच्या केअर होममध्ये रात्रीची ड्यूटी करते. याच पैशातून अत्यावश्यक कामगारांना तासाला १३ डॉलरपर्यंत जादा देता येत होते, माणशी २५ हजारांच्या मर्यादेत. खासगी नोकरीतल्यांनाही. आमच्या गावाने पोलीस आणि ऑफिसच्या लोकांना दिले. आम्ही खासगी कंपनीचे, म्हणून "तुमच्या मालकाला विचारा". मालकाने पिझ्झा मागवला. एप्रिल २०२० मध्ये आमच्या मजल्यावरच्या एकोणीसपैकी सात खाटा रिकाम्या झाल्या होत्या. त्या चादरी मी बदलल्या. नळराजा, पाइप महत्त्वाचा आहे, नाही म्हणत नाही. पण तो २०१९ मध्येही गंजलेलाच होता ना?

नळराजा
होता.

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आमच्याही मीटिंगमध्ये जादा पगाराचा विषय निघाला होता. "कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, वाद होतील" म्हणून पाच मिनिटांत गुंडाळला. मान हलवणाऱ्यांत मीही होतो.

शिकागोची_सून
रात्रपाळी, 🙏

तिरकस_तात्या
ताई, नमस्कार. नळराजांनी काहीतरी मान्य केलं, तारीख लिहून ठेवा. मीही एक मान्य करतो, पाइप हॉटेलपेक्षा बरा. इतकंच. थकबाकीमाफीवर मी हललेलो नाही.

बेसमेंटवासी
पण आता उरलंय काय? ३१ डिसेंबर २०२४ च्या आत पैसे कुठल्या ना कुठल्या कामाला बांधायचे होते. आता फक्त बिलं चुकती करायची, २०२६ च्या अखेरपर्यंत. आमच्याकडे शेवटच्या महिन्यात इतकी घाई की पार्कच्या बाकांवर बाकं आली. बसायला माणसं कमी.

खेळिया
त्यातली दोन पाठवा, प्रेक्षकांना होतील. आणि नळराजा, चिडून बोललो, सोडा. पुढची मीटिंग मंगळवारी आहे. तुम्ही शेजारच्याच काउंटीत ना? येता का? क्रोकेचा प्रश्न आला तर तुम्ही घ्या.

नळराजा
येतो. टी-शर्ट कोण छापतंय?