रॉकमधलं बंड, पण घरातलं: गाणी सुचवा ना

पाऊसवेळ
भाची अकरावीत आहे, हल्ली इंग्रजी गाणी शब्द समोर ठेवून ऐकते. परवा म्हणाली, मावशी, ही सगळी बंडं सरकारविरुद्धच का गं, 'लोक काय म्हणतील'वर कोणी लिहिलंच नाही का? मला पटकन उत्तर सुचलं नाही आणि ते मनाला लागलं, कारण तिच्या वयात मला गिटारच्या क्लासला जाऊ दिलं नव्हतं, मुलीला कशाला म्हणून. तर मुलीने असंच वागायचं, मुलाने तसंच, याला शब्दांतून नाही म्हणणारी गाणी हवीत.

तुटकी_तार
ताई, बीटल्सचं 'शीज लीव्हिंग होम' ऐकवा, १९६७ चं. बुधवारी पहाटे पाचला मुलगी चिठ्ठी ठेवून घर सोडते, गोष्ट एवढीच. पण मध्ये मध्ये लेनन आईबापाच्या तोंडचं गातो, आम्ही हिच्यासाठी काय नाही केलं, पैशाने मिळतं ते सगळं दिलं... आपल्या घरात हे वाक्य किती वेळा ऐकलंय! आईबाप वाईट नाहीयेत त्यात, म्हणूनच ते जास्त लागतं.

गच्चीवरचा_अँप
गाणं भारीच आहे पण त्यात गिटार नाही, ड्रम नाहीत, नुसती व्हायोलिनं न् हार्प, पोरीला रॉक हवंय ना? एक्स-रे स्पेक्सचं 'ओ बॉंडेज अप युअर्स' लावा, लंडनचं पंक, म्हणजे रॉकचाच चिडका, रांगडा प्रकार, १९७७. गायिका पॉली स्टायरीन आधी अगदी हळू बोलते, मुली दिसाव्यात पण त्यांचा आवाज येऊ नये असं काही लोकांना वाटतं म्हणून, आणि मग जी ओरडते! दातांना तारा लावलेली, वडील सोमाली, पंकमध्ये तेव्हा अशी गायिका कुठे होती. सॅक्सोफोनही एक मुलगीच वाजवतेय, जेमतेम सोळा-सतराची. तो ओरडा म्हणजेच अर्थ आहे, उगाच आवाज नाही.

आणि किंक्सचं 'लोला' (१९७०). लोला बाई आहे की पुरुष, हा प्रश्न गाणारा सोडवतच नाही आणि त्याला लाजही वाटत नाही. बीबीसीला खटकलं ते फक्त त्यातलं कोका-कोला, जाहिरात नको म्हणून, मग रेडिओसाठी तिथे चेरी कोला करून घेतलं.

खडूची_धूळ
मी शाळेत शिकवते, तरी पिंक फ्लॉइडचं 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग सुचवतेय, १९७९. लोक त्याला शिक्षणाविरुद्धचं समजतात पण नीट वाचा, राग आहे तो वर्गात मुलांना टोचून बोलणाऱ्या मास्तरांवर. कोरसमध्ये लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली खरी मुलं आहेत. १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शिक्षणावर बहिष्कार टाकलेले विद्यार्थी हेच गात होते, तिथल्या सरकारने गाण्यावर बंदी घातली. म्हणजे भाचीला सांगा, वर्गातलं बंड आणि सरकारविरुद्धचं बंड एवढं वेगळं नसतं गं.

पाऊसवेळ
खडूताई, हे वाचून दाखवलं तिला. पॉली स्टायरीन लागोपाठ चारदा ऐकून झालीय, आता मला विचारतेय, मावशी तू अजून शिकशील का गिटार? कुणाला पुण्यात चाळिशीतल्या बाईला पहिल्यापासून शिकवणारं कोणी माहीत असेल तर तेही सांगा, मी खरंच विचारतेय.