एमएच १३ च्या नंबरप्लेटवरची अक्षरं असलेले इंग्लिश शब्द कसे शोधायचे?

जुळेवाली_टीचर
नमस्कार मंडळी, मी जुळे सोलापूरला घरीच सातवी-आठवीच्या पोरांची इंग्लिशची ट्युशन घेते. सध्या पोरांना एक खूळ लागलंय, गेटसमोर लागलेल्या गाडीची नंबरप्लेट बघायची आणि त्यातली अक्षरं असलेला शब्द सांगायचा. आपल्याकडं एमएच १३, म्हणजे एम आणि एच फिक्सच, वर सिरीजची दोन, अशी चार अक्षरं. चारही शब्दात पाहिजेत, मागंपुढं कशीपण चालतील, मध्ये बाकीची कितीपण येऊ देत. बीएनला एका मुलीनं बेंचमार्क सांगितला, मला लई आवडला. पण आता डीकेची स्कूटी आलीय आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघायलेत. अक्षरं टाकून शब्द काढणाऱ्या साईटवर एमएचडीके टाकलं तर चारही अक्षरांचा एकपण शब्द येत नाही, डिक्शनरीत तर पहिलं अक्षर माहीत पाहिजे. काय करू?

कडकभाकरी
मॅडम त्या साईट वेगळ्या कामाच्या आहेत. स्क्रॅबलमध्ये हातात जेवढ्या सोंगट्या तेवढ्यातूनच शब्द करायचा असतो ना, त्या हिशोबानं चालतात त्या. एम, एच, डी, के मध्ये स्वर एकपण नाही मग शब्द येणार कुठून. तुम्हाला पाहिजे "ही अक्षरं असलेले, बाकी काहीपण". काही डिक्शनऱ्यांत मध्ये स्टार (म्हणजे तिथं कुठलीपण अक्षरं चालतील) टाकून शोधता येतं, पण तिथं क्रम धरतात, आणि चार अक्षरांचे क्रम होतात २४. बसा मग टाईप करत.

विजापूररोड_एक्सेल
२४ वेळा कशाला बे, एक्सेल आहे की. एनेबल नावाची शब्दयादी नेटवर फुकट मिळते, १ लाख ७२ हजारांच्या वर शब्द आहेत, ती ए कॉलममध्ये पेस्ट करा. एक्सेलला दहा लाखांवर ओळी चालतात त्यामुळं आरामात बसते. फिल्टरमधल्या "कंटेन्स"ला दोनच अटी लावता येतात, म्हणून फॉर्म्युला घाला. बी१ मध्ये काउंटइफ्स, कंसात ए१ आणि अवतरणात स्टार-एम-स्टार, परत ए१ आणि स्टार-एच-स्टार, असं चारही अक्षरांचं. चारही असले की १ येतो, नाहीतर ०. खालपर्यंत ओढा आणि १ वर फिल्टर मारा. कॅपिटल-स्मॉलचा लोड घेऊ नका, त्याला फरक पडत नाही.

एक बघा, सिरीज डीडी असली तर डी दोनदा पाहिजे ना? मग स्टार-डी-स्टार-डी-स्टार लिहायचं, नाहीतर एका डीवरच पास करतंय ते. आणि पोरांना अवघड करायचं असलं तर प्लेटच्याच क्रमानं मागा, मग एकच पॅटर्न पुरतो. सीएसला मेकॅनिक्स बसतो, एम, एच, सी, एस, अगदी ओळीनं.

लिनक्सकर
एक्सेल उघडेपर्यंत माझं काम होतंय 😄 लिनक्समध्ये ग्रेप म्हणून कमांड आहे, दिलेलं अक्षर असलेले शब्द तेवढे गाळून काढते, आणि पाईप म्हणजे उभी रेघ, एकाचा निकाल पुढच्याला देते. शब्दांच्या फाईलवर ग्रेप एम, पाईप, ग्रेप एच, पाईप, असं चारदा आणि एंटर. बऱ्याच लिनक्समध्ये शब्दांची फाईल आधीच असती, नसली तर वर सांगितलेली यादी वापरा.

निवृत्त_प्रूफरीडर
तुम्ही सगळे मशीनच्या मागं लागलात, पोरं काय सात रस्त्याच्या सिग्नलला लॅपटॉप उघडणार आहेत का? मॅडम, आयुष्य छापखान्यात गेलं माझं, त्यावरून सांगतो, सुटं अक्षर धरायचंच नाही, जोडी धरायची. एच एकटा क्वचित फिरतो, सी, एस, टी, पी नाहीतर जी त्याच्या पुढं उभा असतो. के म्हटलं की सीके, एनके, आरके बघा. डी तर शेवटच्या ईडीत फुकट मिळतो. आता तुमचं डीके घ्या, एम आणि के दोन्ही असलेला तुकडा कोणता? मार्क. एच असलेला काहीतरी पुढं लावा, ईडी मागं लावा, झाला की हॉलमार्क्ड, सराफाकडं रोज ऐकतो आपण. दुसरा मंक्सहूड, ती एक विषारी वनस्पती, हूडमध्ये एच-डी दोन्ही येतात.

आणि एमएच १३ वाल्यांसाठी तर स्मिथ म्हणजे लॉटरी आहे, एम आणि एच एकातच. बीकेला ब्लॅकस्मिथ, डीएल काय डीजी काय दोन्हीला गोल्डस्मिथ. नाहीतर मंथ घ्या, तुमच्या बीएनला बायमंथली पण चालतो. थंब, मॅच, मदर, अशा दहा-पंधरा शब्दांची यादी पाठ असली की निम्म्या गाड्या संपल्या.

कडकभाकरी
काका एक नंबर 🙏 पण ईडी लावून जिंकणं म्हणजे चीटिंग आहे हां.

निवृत्त_प्रूफरीडर
डिक्शनरीत आहे ना? मग चीटिंग कसलं. विशेषनामं तेवढी बंद ठेवा, नाहीतर सगळी पोरं मोहम्मद आणि महेश सांगून मोकळी होतील.

जुळेवाली_टीचर
सर, जोड्यांचं सोपं आहे, ते पोरांना शिकवते. एक्सेल मी माझ्यापुरतं ठेवते, शब्द खरा आहे का ते बघायला. मार्क कसे द्यायचे पण? आत्ता लांब शब्दाला जास्त देते, तर पोरं उगाच मागं काहीतरी जोडत बसतात.

विजापूररोड_एक्सेल
लांबीला देऊच नका, उलटं करा, सगळ्यात छोटा शब्द जिंकला. किंवा स्क्रॅबलचे भाव लावा सिरीजच्या अक्षरांना, डीला २, केला ५, जे आणि एक्सला ८, क्यू आणि झेडला १०. आय आणि ओ लावू नका, सिरीजमध्ये ती अक्षरं देतच नाहीत, एक आणि शून्यासारखी दिसतात म्हणून.

लिनक्सकर
क्यूची गाडी आली तर काय करणार? आत्ताच चालवून बघितलं, एम, एच, क्यू तिन्ही असलेले फार थोडे निघतात. मस्क्वाश आहे एक, उंदरासारखा पाण्यातला प्राणी. क्यूए, क्यूएस, क्यूयू तिन्हीला चालतोय.

जुळेवाली_टीचर
मस्क्वाश मी लिहून ठेवला 😀 स्मिथचं मात्र एवढ्यात सांगणार नाही कुणाला, सांगितलं तर खेळ एका दिवसात संपवतील ही कार्टी.