फाटकाबाहेर एक, आत एक : दोन बेवारस गाड्या हलवायच्या कशा? मदत हवी आहे

गुलबक्षी

नमस्कार. ३२ सदनिकांच्या आमच्या सोसायटीची मी गेल्या वर्षापासून सचिव आहे. शहराचं नाव लिहीत नाही. महानगरपालिका आहे, एवढं पुरे.

दोन गाड्यांनी आम्हाला जेरीस आणलंय. पहिली फाटकाबाहेर रस्त्यावर आहे, एक पांढरी व्हॅन. चारही टायर बसलेत, मागची काच फुटलीय, पुढची नंबरप्लेट गायब. कोणाची ते गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. तिच्या आडोशाला लोक कचऱ्याच्या पिशव्या टाकतात आणि घंटागाडीला तिथे वळता येत नाही.

दुसरी आत, जिन्यासमोर. दुसऱ्या मजल्यावरच्या एका भाडेकरूची राखाडी मोटार. तो जागा सोडून गेला त्याला तीन वर्षं झाली. गाडी इथेच राहिली आणि त्याचा फोन बंद आहे. तळमजल्यावर एक आजोबा राहतात, त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. या मोटारीमुळे रुग्णवाहिका जिन्यापर्यंत येत नाही. चाकाची खुर्ची फाटकापर्यंत ढकलत न्यायची, तीही पावसात. मला सगळ्यात जास्त टोचतंय ते हे. शिवाय गाड्यांत पावसाचं पाणी साचतं, आणि जुलैत दोन मुलांना डेंगी झाला.

क्षेत्रीय कार्यालयात गेले तर म्हणाले वाहतूक पोलिसांकडे जा. वाहतूक पोलीस म्हणाले हे पालिकेचं काम. आतल्या गाडीबद्दल दोघांचंही उत्तर एकच, खाजगी जागा आहे, आम्ही काही करू शकत नाही.

आता काही सभासदांचं म्हणणं आहे की आतली गाडी रात्री ढकलून व्हॅनच्या मागे लावू, म्हणजे दोन्ही एकदम उचलल्या जातील. एक भंगारवाला तर कागदपत्रांशिवाय न्यायला तयार आहे, वर पैसेही देतोय. मी तूर्त थांबवून धरलंय, पण रविवारी सभा आहे. सरळ मार्ग कोणता ते कृपया सांगा.

पाणंद

ताई, मी एका नगरपरिषदेच्या अतिक्रमण विभागातून निवृत्त झालो. तुमच्या दोन्ही गाड्या वीस फुटांच्या अंतरात असतील, पण त्यांचे रस्ते पार वेगळे आहेत. मी बाहेरच्या गाडीचं सांगतो.

टोलवाटोलवी होते कारण अधिकार दोघांकडे आहेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७ : सार्वजनिक ठिकाणी गाडी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली असेल, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती ओढून नेण्याचा आदेश देऊ शकतो. आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम २३० व २३१ खाली रस्त्यावर टाकून ठेवलेली वस्तू आयुक्तांना नोटीस न देताही हटवता येते. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. तिथे हेच काम कलम ३१४ करतं. म्हणजे दोघांपैकी कुणीही 'आमच्याकडे अधिकार नाही' असं लेखी देऊ शकत नाही. म्हणून तोंडी बोलणं बंद करा.

एकच अर्ज लिहा. वर सहायक आयुक्त आणि वाहतूक शाखेचे निरीक्षक, दोघांचीही नावं घाला. दोन्हीकडे देऊन आवक शिक्का घ्या. अर्जात गाडीचा नंबर, जवळची खूण, घंटागाडीला होणारा अडथळा. दिसत असेल तर चासी नंबरही. फोटो दोन वेगवेगळ्या आठवड्यांचे लावा, गाडी जागची हललेली नाही हे त्यातून दिसतं. शक्य असेल तर 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार टाका.

त्यानंतर साधारण असं होतं : गाडीवर नोटीस चिकटवतात, मुदत संपली की पंचनामा करून यार्डात नेतात, चोरीची किंवा गुन्ह्यातली आहे का ते पोलिसांकडून तपासून घेतात. मालक आला तर दंड आणि ओढण्याचा खर्च भरून सोडवून नेतो, नाही आला तर लिलाव. मुदत प्रत्येक पालिकेची निराळी. माझ्या काळात क्रेन मिळायची, यार्डात जागा नसायची. म्हणून एक अर्ज देऊन बसू नका, पंधरा दिवसांनी जुन्या आवक क्रमांकासह स्मरणपत्र द्या. गल्लीत आणखी अशा गाड्या असतील तर त्याही त्याच अर्जात घ्या. एका फेरीत चार गाड्या निघत असतील तर क्रेन लवकर येते.

ओसरी

आतली गाडी बाहेर ढकलू नका, हात जोडून सांगतो. आमच्या सोसायटीनं हेच केलं होतं. गाडी पालिकेनं उचलली, सगळे खूश. सात महिन्यांनी मालक उगवला, म्हणाला माझी गाडी सुरक्षित जागी लावली होती, तुम्ही कुलूप तोडून हलवलीत. पोलीस ठाण्यात तक्रार झाली. सीसीटीव्हीत ढकलणारे चौघे स्पष्ट दिसत होते, त्यातले दोघे साठीच्या पुढचे. शेवटी पैसे देऊन मिटवलं. त्या दोघांची त्या महिन्यात झोप उडालेली मी पाहिलीय.

कोरा कागद

ओसरी यांच्याशी सहमत. रस्त्यावर अडथळा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तो तुमच्यावर येईल. कागदांशिवाय भंगारात देणं त्याहून वाईट. उद्या ती चोरीची निघाली तर विकणारे तुम्ही.

कलम १२७ 'सार्वजनिक ठिकाण' म्हणतं, म्हणून आतल्या गाडीवर ते चालत नाही. पोलीस इथपर्यंत बरोबर बोलले. पण म्हणून त्यांचं काम संपलं असं नाही. 'अनोळखी मालकाची गाडी तीन वर्षं आमच्या आवारात आहे, चोरीची आहे का तपासावं' असा अर्ज पोलीस ठाण्यात द्या. वाहतूक शाखेत नव्हे. संशय आला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली ते जप्त करू शकतात. संशयास्पद नसली तरी आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या मालकाचं नाव आणि पत्ता त्यांना मिळतो. वाहन नोंदणीच्या ॲपवर आपल्याला अर्धवट झाकलेलं नाव दिसतं, त्याचा उपयोग नाही. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तेही कळेल. असला तर बँकेलाही पत्र धाडा, कधीकधी वसुलीवाले स्वतःच येऊन घेऊन जातात.

आणि एक प्रश्न. पार्किंगची जागा भाडेकरूला मिळत नाही, सभासदाला मिळते. त्या सदनिकेचे मालक कुठे आहेत? त्यांना सोसायटीनं लेखी काही पाठवलंय का?

गुलबक्षी

दादा, मालक बडोद्याला असतात. फोनवर 'बघतो' म्हणतात. लेखी काहीच पाठवलेलं नाही, ही चूक झाली. भाडेकरार आणि पोलीस पडताळणीचा अर्ज जुन्या फायलीत सापडलाय, त्यावर भाडेकरूच्या गावचा पत्ता आहे.

कोरा कागद

मग अर्धं काम झालं. गाडी न्यायची मुदत घालून तीन पत्रं नोंदणीकृत स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह : सदनिकेच्या मालकांना, भाडेकरूच्या गावच्या पत्त्यावर, आणि पोलिसांकडून कळेल त्या आरसीवरच्या मालकाला. एक प्रत गाडीच्या काचेवर चिकटवून फोटो काढा. रविवारच्या सभेत तसा ठराव घ्या. सदनिकेचे मालक दाद देत नसतील तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येतं. पण त्यात फार वेळ जातो, आजोबांना तेवढा वेळ नाही. आधी पत्रंच पाठवा.

रानजाई

मी आरोग्य विभागात फवारणीच्या पथकासोबत काम करते. गाडी हलायची तेव्हा हलेल, पाणी आजच काढा. डेंगीचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा ते दहा दिवसांत नवा डास उडतो. त्याची अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून उन्हाळ्यात सुकलेला टायर पहिल्या पावसात पुन्हा धोक्याचा होतो. फुटक्या काचेतून व्हॅनमध्ये, स्टेपनीच्या खळग्यात, बसलेल्या टायरात, काचेखालच्या पन्हळीत बघा. ताडपत्री घालाल तर उतार ठेवून बांधा, नाहीतर तिच्यावरच डबकं होतं.

पालिकेच्या मलेरिया विभागाला पाहणीला बोलवा. ते खाजगी आवारातही येतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस देतात. ती नोटीस सोसायटीच्या नावानं आली तर घाबरू नका, बडोद्याच्या पत्राला जोडा.

गुलबक्षी

पाच आठवड्यांनी लिहितेय, तुम्हा सगळ्यांना कळायला हवं म्हणून.

व्हॅन गेली. दोन शिक्के, एक स्मरणपत्र, चोविसाव्या दिवशी क्रेन. तिच्याखालचा कचरा त्याच दुपारी सफाई कामगारांनी काढला.

आतल्या गाडीचं वेगळंच निघालं. चोरीची नाही, कर्जही नाही. आरसीवर भाडेकरूचं नावच नाही! सांगली जिल्ह्यातले एक गृहस्थ आहेत. पत्र मिळताच त्यांचा फोन आला. त्यांनी २०१९ मध्ये एजंटमार्फत गाडी विकली, मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, आणि पुढे नाव बदललं का ते पाहिलंच नाही. फार घाबरलेत. त्यांनी गाडी मोडीत काढली तर चालेल का?

कोरा कागद

त्यांची भीती खरी आहे. नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय की नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याच्या लेखी मालक. मध्ये अपघात झाला असता तर भरपाई त्यांच्या गळ्यात पडली असती. जुनी गाडी विकलेल्या प्रत्येकानं आज आपलं नाव तपासावं.

पण पैसे घेऊन विकलेली गाडी आहे, म्हणून घाई नको. भाडेकरूच्या पत्राची मुदत संपू द्या. सदनिकेच्या मालकांकडून 'आमचा हक्क नाही' असं लेखी घ्या. मग सांगलीच्या गृहस्थांनी स्वतः नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी द्यावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथे गाडी मोडीत दिल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नवीन गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होतं. नंतर आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यायला विसरू नका. ते झालं नाही तर गाडी कागदावर त्यांच्याच नावावर राहील. आरसी आहे ना त्यांच्याकडे?

गुलबक्षी

नाही, ती एजंटला दिली होती. दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६ भरायला ते येत्या आठवड्यात आरटीओत जाणार आहेत. बडोद्याहून पत्र आलंय, हक्क नाही म्हणून. भाडेकरूचं पाकीट 'पत्त्यावर राहत नाही' शेरा मारून परत आलं, ते न फोडता फायलीला लावलंय.

गाडी अजून आहे. पण सांगलीच्या काकांनी आवारातल्या आवारात हलवायला लेखी परवानगी दिली, सदनिकेच्या मालकांनीही. पोलीस ठाण्यात कळवून, आधी आणि नंतर फोटो काढून, गॅरेजवाल्याच्या चाकाच्या जॅकवर आम्ही सहा जणांनी ती पाण्याच्या टाकीशेजारी नेली. वर ताडपत्री उतारानं बांधलीय, रानजाईताई. गुरुवारी आजोबांची रुग्णवाहिका थेट जिन्याशी लागली.