मदत हवी आहे: टाउनच्या समितीवर काम करायचंय, ग्रीन कार्डवर चालतं का आणि कुठून सुरुवात करावी?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी,

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला एका मध्यम आकाराच्या टाउनमध्ये राहतो. सिलेक्ट बोर्ड (निवडून आलेलं कारभारी मंडळ) आणि ओपन टाउन मीटिंग (मतदारांची खुली सभा) असलेलं टाउन आहे, सिटी नाही. घर घेतलं, मुलं शाळेत रुळली, आता इथून हलायचा विचार नाही. मी ग्रीन कार्डवर आहे. सिटिझनशिपच्या अर्जाला अजून अवकाश आहे.

टाउनच्या वेबसाइटवर रिकाम्या जागांची यादी लागली आहे. कन्झर्वेशन कमिशन, कल्चरल कौन्सिल, काउन्सिल ऑन एजिंग (ज्येष्ठांसाठीची), झोनिंग बोर्ड ऑफ अपील्सवर (जमीन-बांधकामाच्या नियमांवरची अपिलं ऐकणाऱ्या बोर्डावर) एक असोसिएट मेंबर, आणखीही काय काय. सगळं बिनपगारी. त्यासाठी एक पानी फॉर्म भरायचा, त्याला इथे टॅलेंट बँक म्हणतात. मी उत्साहाने भरायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला अडकले: 'रजिस्टर्ड व्होटर आहात का? प्रीसिंक्ट (मतदान विभाग) कोणता?' शेजारच्या आजी, फार गोड बाई, लगेच म्हणाल्या की टाउन हॉलमध्ये जाऊन नाव नोंदवून टाक, पाच मिनिटांचं काम आहे. मी हो-हो म्हणून वेळ मारून नेली.

तर विचारायचंय ते असं. सिटिझन नसताना समितीवर जाता येतं का? जाता येत असेल तर माझ्यासारखीने कुठली समिती घ्यावी? नोकरी पूर्णवेळ आहे, नवरा बऱ्याचदा फिरतीवर असतो, त्यामुळे संध्याकाळी बाहेर पडणं म्हणजे कसरत. मला कल्चरल कौन्सिल आवडेल, पण मी आमच्या मंडळाची खजिनदार आहे आणि मंडळाला दिवाळीच्या कार्यक्रमासाठी त्याच कौन्सिलकडून थोडं अनुदान मिळतं. हे खटकण्यासारखं आहे का? आणि शेवटचं म्हणजे, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलते मी, पण चार अनोळखी गोऱ्या आजोबांसमोर नियमांचा कीस पाडत वाद घालायची सवय नाही. कुणी केलंय का हे?

फिरस्ता_४९५

बाकीचं नंतर वाचा, आधी हे: मतदार म्हणून नाव नोंदवू नका. आजींचा हेतू चांगला आहे, पण त्यांना इमिग्रेशनमधलं काही माहीत असायचं कारण नाही. नोंदणीच्या फॉर्मवर 'मी अमेरिकेचा नागरिक आहे' या वाक्याखाली सही करावी लागते. नागरिक नसताना ती सही केली तर पुढे एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरताना 'कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का' हा प्रश्न समोर येतो, आणि नागरिकत्वाचा खोटा दावा हे हद्दपारीचं कारण ठरू शकतं. 'मला कुणीतरी सांगितलं म्हणून' हे तिथे चालत नाही. २०२० पासून या राज्यात आरएमव्हीमध्ये (इथलं आरटीओ) लायसन्सच्या वेळी मतदार नोंदणी आपोआप होते, म्हणून तिथेही कागदपत्रं दाखवताना आपण ग्रीन कार्डवर आहोत हे स्पष्ट सांगावं.

टॅलेंट बँकेच्या फॉर्मवर सरळ 'नाही' लिहा आणि सोबत एक ओळ लिहा की मी इथली कायम रहिवासी आहे, नेमणुकीच्या समितीसाठी अर्ज करते आहे.

आता मूळ प्रश्न. जे बोर्ड निवडणुकीने भरतं तिथे तुम्ही आत्ता जाऊ शकत नाही. सिलेक्ट बोर्ड, स्कूल कमिटी, बहुतेक ठिकाणी लायब्ररी ट्रस्टी आणि बऱ्याच टाउन्समध्ये प्लॅनिंग बोर्डही त्यात आलं. नेमणुकीच्या समित्यांचं मात्र टाउनगणिक वेगळं असतं. काही टाउन्सच्या चार्टरमध्ये (मूळ नियमावलीत) किंवा बायलॉमध्ये (स्थानिक नियमांत) मतदार असण्याची अट आहे, काहींत फक्त रहिवासी. याचं उत्तर टाउन क्लार्क (टाउनच्या नोंदी सांभाळणारा अधिकारी) देईल. ईमेल करा, म्हणजे उत्तर लेखी राहील.

बोरकूट

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या समित्या म्हणजे निवृत्त लोकांचा संध्याकाळचा कट्टा. सगळं आधीच ठरलेलं असतं, बिल्डर आला की नकाशा पास. आपण सभेला जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं आणि साडेदहाला घरी यायचं. त्यापेक्षा मुलांचा अभ्यास घ्या.

गवती_चहा

@बोरकूट, तुमच्या टाउनमध्ये असेल तसं. मी कन्झर्वेशन कमिशनवर आहे आणि आमच्याकडे बिल्डर नकाशा घेऊन तीन-तीनदा परत जातात. फुकटचा कट्टा असता तर मी केव्हाच सोडलं असतं.

@मधली_सुट्टी, यादीतली सगळी नावं एकसारखी दिसतात, पण त्यात दोन जाती आहेत. एक सल्ला देणारी, आणि दुसरी जिच्या मतावर कुणाच्या तरी घरामागे डेक होतो किंवा होत नाही. कन्झर्वेशन कमिशन दुसऱ्या जातीची. राज्याचा वेटलँड्स प्रोटेक्शन ॲक्ट राबवायचं काम आमच्याकडे असतं. पाणथळ जागेच्या कडेपासून १०० फुटांच्या आत, किंवा बारमाही ओढा-नदीपासून २०० फुटांच्या आत काही खोदायचं, बांधायचं, तोडायचं म्हटलं की माणूस आमच्याकडे येणार. अर्ज आला की २१ दिवसांत सुनावणी सुरू करावी लागते, सुनावणी बंद केली की पुढच्या २१ दिवसांत लेखी निर्णय. हे कायद्याचं घड्याळ आहे, तुमच्या नवऱ्याची फिरती ते विचारात घेत नाही.

पण काम मात्र भारी आहे. शनिवारी सकाळी बूट चढवून साइट बघायला जायचं. मला आधी वाटायचं पाणथळ म्हणजे जिथे पाणी दिसतं ते. तसं नसतं. आमचा सल्लागार जमिनीत ऑगर (माती काढायचा गिरमिट) फिरवतो, फूट-दीड फुटावरची माती तळहातावर घेऊन दाखवतो. करडी माती आणि तिच्यात गंजासारखे नारिंगी ठिपके दिसले की समजायचं, वर्षातले बरेच दिवस इथे पाणी मुरलेलं असतं, मग वर कितीही सुंदर लॉन असो. स्कंक कॅबेज या पाणथळीतल्या झाडाचं पान चुरडून वास घ्या म्हणतो, आणि घेतला की तो दिवसभर नाकातून जात नाही. मग तिथे गुलाबी रिबिनीचे झेंडे लावतात, आणि त्या झेंड्यावरून पुढे चार महिने वकील भांडतात.

अवघड भाग हा, की समोर येणारा बिल्डरच असतो असं नाही. मुलांसाठी झोपाळा लावायला थोडं मैदान सपाट करू द्या म्हणणारं, तुमच्याच शाळेतलं जोडपंही असतं. त्यांना नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ड्रॉप-ऑफच्या रांगेत भेटायचं. ते जमणार असेल तरच या.

फिरतीबद्दल: सुनावणीची एक बैठक चुकली तरी रेकॉर्डिंग बघून, तसं लेखी देऊन मत देता येतं. याला मुलिन नियम म्हणतात. तो टाउनने स्वीकारलेला असावा लागतो आणि सवलत एका सुनावणीत एकाच गैरहजेरीची. दोनदा चुकलात की त्या प्रकरणात मत गेलं. कोविडपासून झूमवर बैठका घ्यायची मुभा राज्याने वेळोवेळी वाढवत आणली आहे, त्यामुळे बऱ्याच समित्या घरून चालतात. मुलं झोपल्यावर कॅमेरा लावून बसणारे आमच्यात दोघे आहेत.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार! @फिरस्ता_४९५, ते वाचून खरंच धस्स झालं. क्लार्कला ईमेल टाकली आहे.

@गवती_चहा, ऑगरचं वाचून मोह झाला, पण शेजाऱ्याला नाही म्हणायची हिंमत अजून नाही माझ्यात. मंडळाच्या खजिनदारकीचं कुणी सांगेल का?

ओसरी

मी सांगते, कल्चरल कौन्सिलवर माझी मुदत नुकतीच संपली. राज्यातल्या प्रत्येक गावासाठी स्थानिक कल्चरल कौन्सिल असते (काही ठिकाणी दोन-चार गावांची मिळून एक), किमान पाच सभासद, तीन वर्षांची मुदत, लागोपाठ दोन मुदतींपेक्षा जास्त नाही. अर्जांची तारीख ऑक्टोबरच्या मध्याला असते. मग दोन-तीन महिने अर्ज वाचायचे, रकमा ठरवायच्या. बाकीचं वर्ष निवांत. तुमच्या वेळापत्रकाला बसण्यासारखं आहे.

पण खजिनदारकी आणि हे, दोन्ही एकत्र जड जाईल. राज्याचा कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट कायदा, चॅप्टर २६८ए, बिनपगारी स्वयंसेवकालाही लागू आहे. समितीवर नेमणूक झाली की तुम्ही कायद्याच्या नजरेत म्युनिसिपल एम्प्लॉयी. तुम्ही पदाधिकारी असलेल्या संस्थेचा अर्ज समोर आला की चर्चेतही भाग घ्यायचा नाही, मत तर नाहीच. आम्ही खोलीबाहेर जायचो आणि मिनिट्समध्ये (सभेच्या इतिवृत्तात) तसं लिहून घ्यायचो. शिवाय मंडळाच्या वतीने तो अर्ज तुम्ही भरायचा नाही, सही करायची नाही, कौन्सिलशी त्याबद्दल पत्रव्यवहारही करायचा नाही. आणि इतर अर्जांतही थोडी पंचाईत होतेच. पैशांची पिशवी एकच, त्यामुळे तमिळ संघमच्या नाचाला कमी दिले की कुणीतरी म्हणणारच की मराठीवाल्यांसाठी राखून ठेवले. माझा सल्ला, खजिनदारकी आधी कुणाला तरी सोपवा आणि मग अर्ज करा. खात्री हवी असेल तर स्टेट एथिक्स कमिशनला फोन करा. तिथले वकील फुकट आणि गोपनीय सल्ला देतात, मी दोनदा विचारलं होतं. या कायद्याचं ऑनलाइन प्रशिक्षणही दर दोन वर्षांनी करावं लागतं, पण ते चहा पिता पिता होतं.

आणि रिप्लाय ऑल! हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. ओपन मीटिंग लॉमुळे (सभा जाहीरपणे घ्यायच्या कायद्यामुळे) समितीच्या बहुमताने ईमेलवर मतं मांडणं म्हणजे चोरून बैठक घेणं. सभेची तारीख ठरवायला ठीक, पण 'मला हा अर्ज आवडला' एवढं सगळ्यांना पाठवलं तरी गडबड. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असं फिरवलं तरी तेच. अजेंडा ४८ तास आधी लावावा लागतो आणि त्यात शनिवार, रविवार, सुट्टी धरत नाहीत. म्हणजे सोमवारी संध्याकाळी सातची सभा असेल तर गुरुवारी सातच्या आत अजेंडा लागला पाहिजे. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री बारा वाजता हॉल बदलतो तसलं काही इथे चालत नाही. टाउनच्या कामाच्या ईमेल्स स्वतःच्या जीमेलवरून गेल्या तरी त्या पब्लिक रेकॉर्ड असतात, म्हणून वेगळा पत्ता ठेवा.

इंग्रजीचं म्हणाल तर आजोबा वाद कमी घालतात, डुलक्या जास्त काढतात. ज्याने पॅकेट (सभेची कागदपत्रं) आधी वाचलेलं असतं त्याचं ऐकतात. आमच्याकडे ते मी आणि अध्यक्षीण सोडून कुणी फारसं वाचत नसे.

चिंचेचं_झाड

मी पुण्यात असतो, तिकडचं काही कळत नाही, पण वाचताना मजा येते आहे. आमच्याकडे महापालिकेच्या शाळेत मी शाळा व्यवस्थापन समितीवर होतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कागदावर होत्या. सहीला वही घरी यायची. एका आईने वही परत पाठवली आणि म्हणाली, शालेय पोषण आहाराचा हिशोब दाखवा मग सही करते, तेव्हा पहिली खरी बैठक झाली. तिकडे पालकांची अशी समिती नसते का?

फिरस्ता_४९५

@चिंचेचं_झाड, असते की, आणि मी ती सांगायची विसरलोच होतो. १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्यापासून इथल्या प्रत्येक सरकारी शाळेत स्कूल कौन्सिल असते. स्कूल कमिटी वेगळी, ती निवडून येते आणि पूर्ण स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्यातल्या सगळ्या शाळांचं बघते. स्कूल कौन्सिल एकेका शाळेची. त्यात मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि गावातले एक-दोन लोक. पालकांचे प्रतिनिधी त्याच शाळेचे पालक निवडतात, टाउनच्या निवडणुकीचा संबंध नाही. शाळेचा वार्षिक सुधारणा आराखडा आणि बजेट यावर मुख्याध्यापकांना सल्ला द्यायचा. सल्लाच, निर्णय त्यांचा. पण वर्गात किती मुलं, मदतनीस किती, हे आकडे पहिल्यांदा तिथेच दिसतात.

@मधली_सुट्टी, पीटीओला (पालक-शिक्षक संघाला) विचारा, पालकांची निवड बहुधा शाळा सुरू झाली की होते.

बोरकूट

वर वाचून माझाही पारा थोडा उतरला. पण फिनकॉमचं (फायनान्स कमिटी, टाउनचं बजेट तपासणारी) कुणी बोललं नाही. खरा खेळ तिथे असतो. प्रॉपर्टी टॅक्सची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची तर मतदारांना विचारावं लागतं, नव्या बांधकामाचा कर वेगळा. खर्च मात्र अडीच टक्क्यांत बसत नाही. मग शाळा की रस्ते, हे हिवाळाभर फिनकॉम घासत बसते आणि वसंतातल्या टाउन मीटिंगला प्रत्येक आर्टिकलवर (मतदानाला ठेवलेल्या ठरावावर) शिफारस करते.

गवती_चहा

@बोरकूट, बघा, तुम्हालाच जायला हवं फिनकॉमवर. :)

मधली_सुट्टी

क्लार्कचं उत्तर आलं. आमच्या टाउनमध्ये कल्चरल कौन्सिलला रहिवासी असणं पुरे, झोनिंग बोर्डाला मात्र मतदार हवा. खजिनदारकी सोडायचं मंडळाच्या पुढच्या बैठकीत बोलते, हिशोबाची वही घ्यायला कुणी तयार झालं तर. तोवर कौन्सिलच्या झूम सभेला नुसती ऐकायला बसते आणि स्कूल कौन्सिलसाठी पीटीओला लिहिलं आहे. @ओसरी, पॅकेट म्हणजे नक्की काय आणि ते सभासद नसलेल्यांना बघायला मिळतं का?

ओसरी

सभेसाठी जमवलेले अर्ज, नकाशे, पत्रं, सगळं मिळून पॅकेट. बरीच टाउन्स ते अजेंड्याबरोबर वेबसाइटवर टाकतात. दिसलं नाही तर मागा, सभेत वापरलेली कागदपत्रं सहसा कुणालाही मागता येतात. मागच्या दोन वर्षांच्या मिनिट्सही वाचा, कोण नियमित येतं आणि कोण कशावर अडतं ते लगेच कळतं.

कैरीचं_पन्हं

मी न्यू जर्सीत आहे, आमच्या टाउनशिपला एन्व्हायर्न्मेंटल कमिशन आहे असं ऐकलंय. वर लिहिलेलं सगळं इथेही लागू होतं का?

फिरस्ता_४९५

नाही, वरचं सगळं मॅसॅच्युसेट्सपुरतं. तुमच्याकडे सभांचा कायदा वेगळा, नेमणुकीचे नियम वेगळे. नागरिकत्वाच्या खोट्या दाव्याचं सोडून, ते देशभर सारखंच. न्यू जर्सीसाठी वेगळा धागा काढा, तिथले बरेच जण आहेत इथे.